पहिल्या पिढीची ऑटोमॅटिक होंडा जॅझ: आकडे, स्वभाव आणि निघतानाची थरथर

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार माणसांच्या कुटुंबासाठी 2004 सालची, 1.3 लिटर इंजिनाची आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची होंडा जॅझ पाहिली आहे. तिची तांत्रिक माहिती काय, एवढे लहान इंजिन चौघांना आणि सामानाला पुरते का, वेग वाढत असताना इंजिनाचा आवाज मात्र एकाच सुरात का राहतो, आणि थांबून पुन्हा निघताना गाडी जी थरथरते ती गिअरबॉक्स संपत आल्याची खूण समजावी का. मी बरीच वर्षे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचे काम करतो आणि या पिढीच्या पुष्कळ गाड्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. माझ्या दृष्टीने शेवटचा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा आहे. परंतु ती थरथर समजण्यासाठी गाडीची रचना आधी समजून घ्यावी लागते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ही गाडी जपानमध्ये जून 2001 मध्ये ‘फिट’ या नावाने आली आणि युरोपसह इतर अनेक बाजारांत ‘जॅझ’ म्हणून विकली गेली. 2001-02 चा ‘जपान कार ऑफ द इयर’ हा सन्मान तिला मिळाला आणि 2002 मध्ये ती जपानमधील सर्वाधिक खपाची गाडी ठरली. त्याआधी सलग 33 वर्षे तो मान टोयोटा कोरोलाकडे होता. एवढ्या छोट्या गाडीला हे कशामुळे साधले, याचे उत्तर पुढच्या आसनांखाली दडलेले आहे. बहुतेक हॅचबॅक गाड्यांत इंधनाची टाकी मागच्या आसनाखाली किंवा त्यामागे असते. होंडाने 42 लिटरची चपटी टाकी गाडीच्या मधोमध, पुढच्या आसनांच्या खाली नेली आणि मागचा सगळा भाग मोकळा केला. त्यामुळे गाडीची लांबी अवघी 3,830 मिलिमीटर, रुंदी 1,675 मिलिमीटर, उंची 1,525 मिलिमीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर 2,450 मिलिमीटर असूनही डिकीत 380 लिटर सामान मावते. मागच्या आसनाची पाठ पुढे पाडली की आसन खाली सरकून फरशीशी जवळजवळ सपाट बसते. आणि बैठक उभी करून पाठीला टेकवली की दोन आसनांच्या मध्ये सुमारे सव्वा मीटर उंचीची मोकळी जागा मिळते, ज्यात कुंडीतले उंच झाड किंवा लहान मुलांची घडीची गाडी उभीच्या उभी राहते.

टाकी मधोमध असण्याचा आणखी एक परिणाम चालवताना जाणवतो. टाकी भरलेली असो वा रिकामी, पुढच्या आणि मागच्या चाकांवरील वजनाचे प्रमाण फारसे बदलत नाही, त्यामुळे वळणावर गाडीचे वागणे रोजच्या रोज सारखेच राहते. याची किंमत म्हणून पुढची आसने जरा उंचावर आली आहेत. ज्यांना गुडघे वर न उचलता सरळ बसायला आवडते, आणि ज्यांच्या घरात वयस्कर माणसे आहेत, त्यांना ही उंची फार सोयीची वाटते. आत शिरताना वाकावे लागत नाही आणि उतरताना रेटा देऊन उठावे लागत नाही.

आता इंजिनाकडे येऊ. चार सिलिंडर, 73 मिलिमीटर व्यासाचा बोअर आणि 80 मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे एकूण 1,339 सीसी. प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आहेत, पण स्पार्क प्लगही दोन आहेत, म्हणून चार सिलिंडरच्या या इंजिनात आठ प्लग आणि आठ कॉइल बसतात. होंडाने या इंजिनाला दिलेल्या ‘आय-डीएसआय’ या नावातली गोम हीच: दोन्ही प्लग नेहमी एकाच क्षणी ठिणगी देत नाहीत, तर इंजिनाचा वेग आणि भार पाहून त्यांच्या वेळांत बारीक अंतर ठेवले जाते. दोन ठिकाणांहून ज्वाला पसरल्यामुळे मिश्रण लवकर जळते आणि कॉम्प्रेशन रेशो 10.8 इतका उंच ठेवूनही साध्या पेट्रोलवर ठोका (मिश्रण आपोआप पेटून होणारा खडखडाट) पडत नाही. युरोपातील गाड्यांसाठी 5,700 आरपीएमला (मिनिटाला 5,700 फेऱ्यांवर) 83 पीएस (अश्वशक्ती) शक्ती आणि 2,800 आरपीएमला 119 न्यूटन मीटर टॉर्क हे आकडे दिलेले आहेत. कॅमशाफ्ट चालवण्यासाठी साखळी आहे, पट्टा नाही. तेल वेळेवर बदलले तर तिच्याकडे पाहावे लागत नाही.

या आकड्यांपैकी 83 पीएस हा आकडा लोक वाचतात आणि 2,800 हा आकडा वाचत नाहीत, इथे पहिली चूक होते. दोन व्हॉल्व्हच्या या इंजिनाचा सगळा जोर खालच्या आणि मधल्या फेऱ्यांत आहे. वर 5,000 च्या पुढे ते ओरडते खूप, पण ढकलते थोडे. शंभरचा वेग गाठायला या गाडीला तेरा-चौदा सेकंद लागतात, आणि चार माणसे व सामान असेल तर त्याहून जास्त. म्हणून दोन पदरी रस्त्यावर समोरून वाहन येत असताना ओव्हरटेक करण्याची ही गाडी नव्हे, हे मी स्पष्ट सांगतो. पण शहरात, शून्य ते साठ या टप्प्यात, चौघांना घेऊन ती कधीही दमल्यासारखी वाटत नाही, कारण सीव्हीटी इंजिनाला नेमके त्याच्या आवडत्या फेऱ्यांवर धरून ठेवते.

हेच तुमच्या आवाजाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. साध्या ऑटोमॅटिकमध्ये चार-पाच ठरावीक गिअर असतात. प्रत्येक गिअरमध्ये फेरे चढतात, गिअर बदलतो, फेरे उतरतात, आणि कानाला वेग वाढल्याची खात्री त्या चढउतारातून मिळते. सीव्हीटीत गिअरच नाहीत. दोन पुल्या आणि त्यांच्यावरून जाणारा पोलादी पट्टा, एवढाच मामला आहे. प्रत्येक पुली दोन शंकूच्या आकाराच्या चकत्यांची असते; चकत्या तेलाच्या दाबाने जवळ आल्या की पट्टा वर, मोठ्या वर्तुळावर चढतो, आणि दूर गेल्या की खाली, लहान वर्तुळावर उतरतो. एक पुली मिटते तेव्हा दुसरी उघडते, आणि प्रमाण सलगपणे बदलत राहते. हा पट्टा रबरी पट्ट्यासारखा ओढत नाही. पातळ पोलादी कड्यांवर ओवलेल्या शेकडो लहान पोलादी तुकड्यांची ती माळ असते आणि ते तुकडे एकमेकांना पुढे ढकलतात. तुम्ही ॲक्सिलरेटर अर्धा दाबला की गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाला सोयीच्या फेऱ्यांवर नेऊन ठेवतो आणि मग फक्त पुल्यांचे प्रमाण बदलत गाडीचा वेग वाढवतो. आवाज एका सुरात राहतो, गाडी मात्र पळत असते. ही खोड नाही, हेच त्याचे काम आहे, आणि जपानच्या ‘10-15’ नावाच्या इंधनखपत चाचणीत या गाडीला लिटरला 23 किलोमीटरचा आकडा मिळाला तो याच कामाच्या जोरावर. रोजच्या गर्दीत तेवढे ॲव्हरेज कुणालाही मिळणार नाही, तरी त्या काळच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकशी तुलना केली तर फरक ठळक दिसतो.

चालवण्याची एक पद्धत मी प्रत्येक मालकाला सांगतो. निघताना ॲक्सिलरेटर एक चतुर्थांश ते एक तृतीयांश दाबा आणि पाय तिथेच स्थिर ठेवा. फेरे दोन ते अडीच हजारांच्या आसपास थांबतील, आणि काटा जागचा न हलता गाडी वेग घेत जाईल. हवा तो वेग आला की पाय किंचित सैल करा. गिअरबॉक्स लगेच प्रमाण लांबवतो, फेरे खाली येतात आणि गाडी शांत होते. पाय सतत आत-बाहेर करणाऱ्याला ही गाडी ढिली वाटते, कारण प्रत्येक हालचालीला पुल्या नव्याने जागा शोधू लागतात. घाटात उतरताना डी ऐवजी एस किंवा एल वापरावे, म्हणजे इंजिनाचा ब्रेक मिळतो आणि ब्रेक पॅड तापत नाहीत. काही गाड्यांत स्टिअरिंगवर बटणे आणि सात कृत्रिम गिअर आहेत. ते सात टप्पे म्हणजे पुल्यांची सात ठरवून दिलेली प्रमाणे, यंत्रात खरे सात गिअर नाहीत. उतारावर त्यांचा उपयोग होतो, एरवी डी पुरेसा आहे.

सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम पद्धतीचे आहे. उंच बांध्याची गाडी वळणावर कलू नये म्हणून ते बऱ्यापैकी कडक ठेवले आहे, आणि दोन चाकांमधले अंतर कमी असल्यामुळे लागोपाठच्या खड्ड्यांत मागच्या आसनावरील माणसांना हिसके बसतात. स्टिअरिंग विजेवर चालणारे, हलके आणि अरुंद जागेत वळवायला अत्यंत सोपे आहे, मात्र टायरखाली काय चालले आहे ते हाताला फारसे कळू देत नाही. पुढची काच खूप पुढे झुकलेली असल्याने तिचे खांब लांब आणि तिरपे आहेत. खांबाजवळच्या छोट्या त्रिकोणी काचा असूनही चौकात वळताना पादचारी त्या खांबाआड लपू शकतो, तेव्हा मान पुढे करून पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

आता थरथरीकडे येतो. या पिढीच्या होंडा सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टर नाही. गाडी थांबलेली असताना इंजिन आणि चाके यांची फारकत करायला आणि निघताना त्यांना हळूहळू जोडायला तेलात बुडालेला अनेक चकत्यांचा एक क्लच आहे, त्याला स्टार्ट क्लच म्हणतात. तो चाकांकडे जोर नेणाऱ्या पुलीच्या शाफ्टवर बसतो. टॉर्क कन्व्हर्टर तेलाच्या प्रवाहातून जोर देतो, त्यामुळे त्याची सुरुवात नैसर्गिकरीत्या मऊ असते. स्टार्ट क्लच मात्र खराखुरा घासून पकड घेतो, आणि मऊपणा सर्वस्वी दोन गोष्टींवर अवलंबून राहतो: चकत्यांमधले तेल आणि त्यांच्यावर दाब देणाऱ्या संगणकाचा अंदाज. चांगल्या तेलात असे मिश्रक असतात की चकत्यांमधली घसरण कमी होत जाते तसे घर्षण वाढत नाही, त्यामुळे पकड एकसंध येते. तेल जुने झाले, तापून थकले किंवा चुकीच्या प्रकारचे भरले, की हे गणित उलटते. घसरण कमी होताना घर्षण अचानक वाढते, चकत्या चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि हा खेळ सेकंदाला अनेकदा होतो. चालकाला तो पाच ते पंधरा किलोमीटरच्या वेगात संपूर्ण गाडीची थरथर म्हणून जाणवतो. क्लच पूर्ण जुळला की थरथर तिथल्या तिथे थांबते.

म्हणूनच ही थरथर म्हणजे गिअरबॉक्स संपला असे समजू नये. माझ्याकडे एकदा अशीच एक गाडी आली होती. दुसऱ्या एका कार्यशाळेने मालकाला संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला दिला होता आणि बिचाऱ्यांनी गाडी विकायचे मनात आणले होते. मी तेल काढले. ते या गिअरबॉक्ससाठी होंडाने ठरवलेले एचएमएमएफ तेल नव्हते. कुणीतरी साधे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ओतले होते. योग्य तेल भरले, गाडी दोन दिवस चालवायला दिली, पुन्हा काढले, पुन्हा भरले, आणि तिसऱ्यांदाही तसेच केले. एकदा ड्रेन प्लग उघडून सुमारे तीनच लिटर बाहेर येते, बाकीचे पुल्यांत आणि वाहिन्यांत अडकून राहते, म्हणून एका खेपेत काम होत नाही. तिसऱ्या खेपेनंतर गाडी पाण्यावरून निघाल्यासारखी निघाली. प्रत्येक गाडीचे असे होईलच असे नाही. चकत्या जळून काळ्या पडल्या असतील तर तेलाने त्या भरून येत नाहीत आणि स्टार्ट क्लच बदलावाच लागतो. पण तोही गिअरबॉक्सच्या शेवटच्या बाजूला असल्याने पुल्या आणि पट्ट्याला हात न लावता बदलता येतो.

तेल बदलल्यानंतर एक काम बरेच मेकॅनिक विसरतात. स्टार्ट क्लचला किती दाब दिल्यावर तो पकड घेतो, हे संगणकाने शिकून ठेवलेले असते, आणि बॅटरी काढली किंवा क्लच बदलला तर ते त्याला पुन्हा शिकवावे लागते. इंजिन पूर्ण तापू द्यावे, एसी, दिवे, काच तापवणारी तार हे सगळे बंद ठेवावे, मोकळ्या सपाट रस्त्यावर डी मध्ये गाडी ताशी साठ किलोमीटरपर्यंत न्यावी आणि मग ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून, ब्रेकला पाय न लावता, किमान पाच सेकंद ती आपोआप मंदावू द्यावी. अगदी साधी कृती आहे, पण ती न केल्यामुळे नव्या तेलावरही थरथरणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

तुम्ही गाडी पाहायला जाल तेव्हा वेगात पळवून पाहू नका. हिची परीक्षा अगदी मंद वेगात होते. आधी पंधरा-वीस मिनिटे चालवून तेल गरम करा, कारण थंड तेलात हा दोष अनेकदा झाकला जातो. मग सपाट जागी थांबा, डी मध्ये ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटर न दाबता गाडी सरकते का ते पाहा. नंतर अगदी हलका पाय देऊन आठ-दहा वेळा थांबा आणि निघा. तेच मागे जातानाही करा. स्टार्ट क्लच चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टवर असल्यामुळे पुढे आणि मागे दोन्हीकडे तोच काम करतो. थरथर दोन्हीकडे सारखी आली तर संशय त्याच्यावरच जातो. ब्रेकवर पाय ठेवून गाडी उभी असताना हादरे बसत असतील तर इंजिनाचे माउंटिंग तपासा. निघताना सगळे ठीक असून चढावर, भाराखाली धक्के बसत असतील तर ते बहुधा प्लग किंवा कॉइलचे असतात. फेरे एकदम वर जाऊन वेग मात्र वाढत नसेल, किंवा वेगाबरोबर चढत जाणारा गुणगुणल्यासारखा आवाज येत असेल, तर पट्टा किंवा बेअरिंगचा प्रश्न आहे, आणि अशी गाडी घेऊ नये.

प्लगचे थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे कामचुकारपणा फार होतो. आठपैकी चार प्लग बॉनेट उघडताच समोर दिसतात आणि मागचे चार वायपरखालच्या पत्र्याच्या आड असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायला वायपर आणि त्याखालचे आवरण काढावे लागते. परिणामी पुष्कळ गाड्यांत पुढचे चार प्लग दोन-तीनदा बदललेले आणि मागचे चार कारखान्यातून आले तेव्हापासून तसेच असतात. मी असे प्लग काढले आहेत ज्यांचे इलेक्ट्रोड झिजून फट जवळजवळ दुप्पट झाली होती. दुसरा प्लग काम सांभाळून घेतो म्हणून इंजिन चालू राहते, फक्त ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त जाते, आणि मालकाला वाटते की गाडी म्हातारी झाली. घेतल्या घेतल्या आठही प्लग बदला. त्याच वेळी टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फटही तपासून घ्या. इथे ती स्क्रूने बसवायची असते, आपोआप जुळत नाही.

बाकी तपासण्या लहान आहेत. डिकीतील गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. मागच्या दाराच्या रबरातून किंवा छताच्या सांध्यातून शिरलेले पाणी तिथेच साचते. एसीची थंड हवा, पुढच्या सस्पेन्शनचा खडखडाट, टायरची असमान झीज हे तर कोणत्याही जुन्या गाडीत पाहायचेच.

दोन गोष्टींत मात्र तडजोड करू नका. या पिढीच्या गाड्यांत ताकाता कंपनीच्या एअरबॅग होत्या. त्यातील अमोनियम नायट्रेटचे रसायन उष्णता आणि दमटपणामुळे वर्षानुवर्षे खराब होते आणि एअरबॅग उघडताना धातूचे कवच फुटून तुकडे आतल्या माणसांवर उडू शकतात. त्यासाठी जगभर गाड्या परत बोलावून एअरबॅग बदलण्यात आल्या. 2010 मध्ये होंडाने या मॉडेलच्या चालकाच्या दारावरील काचांच्या मुख्य बटणासाठीही गाड्या परत बोलावल्या, कारण त्यात पाणी शिरून आग लागण्याचा धोका होता. चासी क्रमांक घेऊन होंडाच्या अधिकृत केंद्रात ही दोन्ही कामे झाल्याची नोंद मागा, आणि एअरबॅगचे काम बाकी असेल तर ते होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

एवढे सगळे नीट निघाले तर चौघांच्या कुटुंबाला शहरात वापरण्यासाठी ही गाडी घ्यायला मी निःसंकोच सांगेन. घेतल्यावर चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून उभी करण्याची सवय मात्र घरातल्या प्रत्येक चालकाने सोडावी. तशा वेळी स्टार्ट क्लच अर्धवट पकडीत सतत घासत राहतो आणि काही मिनिटांत तेलाचे तापमान इतके चढते की वर्षभराची झीज एका वाहतूक कोंडीत होते. हँडब्रेक ओढून थांबावे, निघताना ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडीने ओढ घेतली की मगच हँडब्रेक सोडावा.